फोल्डर नंबर ३ : अजय-अतुल हिट्स

मुखेडहून बोलतोय. मागं एसटीचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, घर बसस्टँडच्या रोडलाच आहे. आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांच्यासाठी सांगतो. बोललो ते जवळजवळ तसंच लिहून टाकलंय, फक्त माझे 'म्हणजे, म्हणजे' तेवढे कमी केलेत.

आजचा विषय आहे एक अल्बम. पण हा अल्बम कुठल्या कंपनीनं काढलेला नाही. तो मी काढलाय. (हसू) खरंच. आणि मुखेड तालुक्यात त्याच्या किती कॉप्या गेल्या असतील याचा हिशोब माझ्याकडंही नाही.

झालं असं, की बारावी झाल्यावर मी दोन वर्षं एका मोबाईलच्या दुकानात कामाला होतो. २०१४ ते २०१६. रिचार्ज मारायचा, स्क्रीनगार्ड चिकटवायचं, आणि मेन काम म्हणजे मेमरी कार्ड भरून द्यायचं. तुमच्यातले जे आत्ता कॉलेजला आहेत त्यांना हे सांगावं लागेल. तेव्हा नेट महाग होतं. गाणी मोबाईलवर नव्हती, कार्डात होती. नखाएवढं कार्ड. गिऱ्हाईक यायचं, कार्ड काढून हातात द्यायचं, म्हणायचं, "भर." दोन जीबीचे तीस रुपये, चारचे पन्नास. कार्ड रीडरला लावायचं, फोल्डर उचलायचा, टाकायचा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी मंडळी तर सहा महिन्यांचं राशन भरावं तसं कार्ड भरून न्यायची.

कंप्युटरवर फोल्डर लावून ठेवलेले होते. एक नंबर भक्तिगीतं. दोन नंबर भीमगीतं. तीन नंबर अजय-अतुल हिट्स. चार नंबर जुनी हिंदी. पाच नंबर डीजे. तीन नंबरचा फोल्डर मी स्वतः जमवलेला. सगळ्यात जास्त तोच जायचा.

आता यात एक गंमत आहे, ती तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती. बाकीचे फोल्डर कशावरून होते? देवावरून, जयंतीवरून, नाचण्यावरून. गायकाच्या नावानंही लोक गाणी मागायचे. प्रल्हाद शिंदेंची टाक, आनंद शिंदेंची टाक. हिरोच्या नावानं मागायचे. पण संगीतकाराच्या नावानं? कुणी आजपर्यंत दुकानात येऊन "राम कदमांची टाक" म्हणाल्याचं मला आठवत नाही. एवढा मोठा माणूस, लावण्यांच्या चाली घराघरांत, तरीही नाही. अजय-अतुल मात्र नावानं मागितले जायचे. गाणं कोण गातंय याच्याशी लोकांना देणंघेणं नसायचं. "अजय-अतुलचं आहे ना? मग टाक."

हे कसं झालं असेल? दोघं भाऊ, गोगावले आडनाव. वडील महसूल खात्यात, बदलीची नोकरी, त्यामुळं पुणे जिल्ह्यातल्या छोट्या गावांमधून बालपण गेलं. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. जत्रा, बँड, कीर्तन, जे कानावर पडलं ते शिक्षण. २००४ ला 'अगं बाई अरेच्चा!', मग 'जत्रा', २००९ ला 'जोगवा', १ जानेवारी २०१० ला 'नटरंग', आणि २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट'. 'जोगवा'ला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'साठी तर हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं. चाल त्यांची, वाद्यांची मांडणी त्यांची, कित्येक गाण्यांत आवाज अजयचा, 'सैराट'मध्ये तर शब्दसुद्धा बरेचसे त्यांचेच. म्हणजे आपण ज्याला संगीतकार म्हणतो त्याच्यापेक्षा हे जरा मोठं काम आहे. गाण्याचा अख्खा कारखानाच म्हणा.

कारखाना हा शब्द मी उगीच वापरला नाही. इंग्लंडमध्ये अशी तिघांची एक टीम होती. माइक स्टॉक, मॅट एटकिन आणि पीट वॉटरमन. १९८७ साली त्यांनी बनवलेल्या हिट गाण्यांचा एक अल्बम निघाला, त्याचं नावच 'द हिट फॅक्टरी'. गायक वेगवेगळे, पण अल्बम विकला गेला बनवणाऱ्यांच्या नावावर. त्यांच्यातलं एक गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. कुणीतरी तुम्हाला भलतीच लिंक पाठवतं, उघडली की एक लाल केसांचा पोरगा नाचत गायला लागतो. तोच तो रिक अ‍ॅस्टली, आणि ते गाणं १९८७ चं. तो आधी त्यांच्याच स्टुडिओत टेप लावायला आणि चहा द्यायला होता. म्हणजे माझ्यासारखाच पोऱ्या. (हसू) फक्त त्याला गाता येत होतं.

तर माझा तीन नंबरचा फोल्डर म्हणजे मुखेडचा 'हिट फॅक्टरी'. आणि मला त्याचा लई अभिमान होता. तो अभिमान उतरवला माझ्या मामानं.

मे २०१६. तो उन्हाळा इकडचं कुणी विसरणार नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. लग्नं होती, पण हात आखडून. मामा बँडमध्ये. हलगी आणि ढोलकी, दोन्ही वाजवतो. आधी सीझनला पंचवीस-तीस सुपाऱ्या असायच्या, त्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. त्यातही लोकांना पाहिजे 'झिंगाट'च. म्हणून मामा दुपारच्या उन्हात दुकानात आला, टोपीनं वारा घेत बसला.

"काय करायलास?"

"कार्ड भरायलोय मामा. तुमचंही द्या."

"सैराटचं सगळं टाक. आन् नटरंगचं बी टाक. पोरास्नी ढोलकी ऐकवायचीय."

मी तीन नंबर उचलला आणि त्याच्या कार्डात टाकला. तिथंच एक गाणं लावून दाखवलं. 'नटरंग'मधलंच. मामा डोळे मिटून ऐकत होता. बोटं टेबलावर चालत होती. गाणं संपलं. म्हणाला, "ढोलकी कुणाची रं ही?"

मी म्हणालो, "अजय-अतुलची."

"ती चाल त्यांची. ढोलकी कुणाची? हात कुणाचा हाय?"

मी फाईलवर क्लिक केलं. कलाकाराच्या रकान्यात एका वेबसाईटचं नाव. अल्बमच्या रकान्यात तीच वेबसाईट. फोटोच्या जागीही तीच. ज्या फुकट डाउनलोडच्या साईटवरून मी गाणं उतरवलं होतं, ती सगळीकडं स्वतःचं नाव चिकटवून बसलेली. मामाला वाचता येतं, पण इंग्रजी नाही. म्हणाला, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "काही नाही."

मग मामानं जे सांगितलं ते मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट. नांदेडला खंडोबाच्या गाण्यांची एक कॅसेट भरायची होती. मामाला हलगीसाठी नेलं. एका दिवसात आठ गाणी. दोनशे रुपये आणि एसटीचं तिकीट. स्टुडिओत गारवा. आणि हलगीला गारवा चालत नाही. ज्यांनी जवळून बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हलगीचं कातडं शेकावं लागतं. जाळ करून तापवली की ताणते आणि मग आवाज फुटतो. गार पडली की उतरते, थप थप वाजते. स्टुडिओत जाळ कोण करू देणार? मामा दर गाण्यानंतर जिन्यात जाऊन पेपर पेटवून हलगी शेकायचा. तिसऱ्या गाण्याच्या वेळी वॉचमननं हाकललं. ते गाणं तसंच, उतरलेल्या हलगीवर भरलं.

कॅसेट निघाली. कव्हरवर खंडोबा आणि गायकाचा फोटो. मामाचं नाव नाही. त्याला तेव्हा काही वाटलंही नाही म्हणे. नाव येत असतं हेच माहीत नव्हतं.

पुढं आठ-दहा वर्षांनी मामा माळेगावच्या यात्रेला गेला. लोहा तालुक्यातलं माळेगाव, खंडोबाची मार्गशीर्षातली यात्रा, तुम्हाला माहीतच आहे. घोडे, उंट, तमाशाचे फड, लावणी. तिथं सीडीच्या एका गाड्यावर गाणं वाजत होतं आणि मधेच हलगी थप थप. मामा जागेवर थांबला. तीच उतरलेली हलगी! कुणीतरी पाच-सहा जुन्या कॅसेटा एकत्र करून एमपीथ्री सीडी काढली होती. खंडोबाची एक्कावन्न सुपरहिट गाणी. तीस रुपये.

मामा म्हणाला, "घेतली मग. माझीच हलगी मी इकत घेतली."

तो हे हसत हसत सांगत होता. मी नाही हसलो. कारण मामा जे सांगत होता तेच मी रोज दिवसातून वीस वेळा करत होतो.

मंडळी, मी पुढं पॉडकास्टच्या नादी लागलो तेव्हा शोधत गेलो, की हे असं सगळीकडंच होतं का. होतं. अमेरिकेत डेट्रॉइट नावाचं मोटारींचं शहर आहे. तिथं बेरी गॉर्डी नावाच्या माणसानं १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन गाण्यांची कंपनी काढली, मोटाऊन. स्वतः आधी मोटारीच्या कारखान्यात कामाला होता, तीच पद्धत त्यानं गाण्याला लावली. गायक बदलायचे, पण मागं वाजवणारी माणसं तीच. त्यांना फंक ब्रदर्स म्हणायचे. एकामागून एक हिट. आणि रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं नाहीत. पहिल्यांदा नीट नावं छापली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या एका अल्बमवर. तोवर बारा वर्षं गेलेली.

त्यांच्यात जेम्स जेमरसन म्हणून बास गिटार वाजवणारा होता. १९८३ मध्ये मोटाऊनच्या पंचवीस वर्षांचा मोठा सोहळा टीव्हीसाठी झाला. जेमरसनला बोलावणं नव्हतं. त्याच्यावरच्या पुस्तकात लिहिलंय की त्यानं ब्लॅकचं तिकीट घेतलं आणि वर बाल्कनीत बसून तो सोहळा बघितला. त्याच वर्षी तो वारला. पुढं २००० साली त्याला मोठा मान मिळाला, २००२ मध्ये फंक ब्रदर्सवर डॉक्युमेंटरी आली. मी हे वाचलं तेव्हा मला माळेगावची ती तीस रुपयांची सीडी आठवली.

आता तुम्ही म्हणाल, नाव नाही आलं तर काय बिघडतं? पैसे मिळाले ना? इथं जरा कायद्याचं सांगतो, थोडक्यात सांगतो, पळू नका.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्याआधी गीतकार-संगीतकार एकदाच पैसे घेऊन सगळे हक्क लिहून द्यायचे आणि विषय संपायचा. आता रॉयल्टीचा त्यांचा वाटा त्यांना कुणाला असा लिहून देता येत नाही. वारसाला देता येतो, किंवा वसुली करणाऱ्या त्यांच्याच सोसायटीला. म्हणजे गाणं पुन्हा पुन्हा वापरलं, एखाद्या 'हिट्स'मध्ये घातलं, तरी गीतकाराचा वाटा राहतो. हे चांगलं झालं.

वादकांचं काय? कायद्यात 'परफॉर्मर' कोण याची यादी आहे. गायक आहे, वादक आहे, नाचणारा आहे, जादूगार आहे, अगदी साप खेळवणारा गारुडीही आहे. पण त्याच दुरुस्तीत सिनेमापुरतं एक पोटकलम घातलं. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे, आणि धंद्याच्या रीतीप्रमाणं ज्याचं नाव श्रेयनामावलीतसुद्धा कुठंच दिलं जात नाही, त्याला परफॉर्मर धरायचं नाही. त्याची कला विकृत करून दाखवली तर तेवढी तक्रार तो करू शकतो. बस्स.

परत एकदा वाचा ते. "ज्याचं नाव कुठंच दिलं जात नाही." म्हणजे पडद्यावरचं नाव ही नुसती हौस नाही. तुम्ही कायद्याच्या नजरेत कलाकार आहात का नाही, हे ठरवताना ते नाव बघितलं जातं. प्रत्येक वादकाचं काम किरकोळ असतं असं नाही, आणि मामाची तर कॅसेट होती, सिनेमा नव्हता. पण "रीतच नाही नाव द्यायची" ही जी सवय आहे ना, ती किती महागात पडू शकते हे मला त्या कलमात दिसलं.

आणि आता माझ्याबद्दल. मी भरलेल्या कार्डांमधून कुणाला काय मिळालं? अजय-अतुलना छदाम नाही. गीतकाराला नाही. गायकाला नाही. कंपनीलाही नाही. तीस रुपये दुकानाला आणि त्यातून माझा पगार. "तेव्हा सगळेच करत होते" हे खरं आहे, पण त्यानं हिशोब बदलत नाही. मामाच्या सीडीवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्याच्याकडं गाडा होता आणि माझ्याकडं कंप्युटर.

तो धंदा पुढं आपोआप बंद पडला. 'सैराट' आला एप्रिलच्या शेवटी आणि ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. मधले चार महिने. आमच्या दुकानात कार्डावरून गेलेला शेवटचा मोठा सिनेमा म्हणजे 'सैराट'. दिवाळीला ऊसतोडीवाले आले ते सिम मागायला.

मागच्या महिन्यात जुनी हार्ड डिस्क सापडली. तीन नंबरचा फोल्डर जसाच्या तसा. चौसष्ट गाणी. मी ठरवलं, एकेक गाणं ऐकायचं आणि नावं लावायची. आणि मंडळी, पहिला धक्का, चौसष्टातली अकरा गाणी अजय-अतुलची नव्हतीच!

'टाइमपास'मधलं ते वेड लागलेलं गाणं आठवतं? दोन वर्षं मी ते अजय-अतुलच्या नावावर विकलं. संगीत चिनार-महेशचं आहे. 'दुनियादारी'मधलं गाभाऱ्याचं गाणं, आदर्श शिंदेंनी गायलेलं. संगीत अमितराजचं. गाणं आवडलं, मोठं वाजलं, म्हणजे अजय-अतुलच असणार, असं मी धरून चाललो आणि माझ्यामुळं अर्धा तालुका. मोठ्या नावाची ही सावली असते, त्यात अजय-अतुलची काही चूक नाही. चूक फोल्डर करणाऱ्याची.

दुसरा धक्का गीतकारांचा. 'जत्रा'मधली कोंबडी पळालेली तुम्हाला माहीत आहे. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेली. पुढं तीच चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' झाली, श्रेया घोषालच्या आवाजात. पण मराठी शब्द कुणाचे? जितेंद्र जोशीचे. हो, तोच, अ‍ॅक्टर! मी गेल्या आठवड्यात दहा मित्रांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. 'नटरंग'ची गाणी गुरू ठाकूरांची. 'जोगवा'ची संजय कृष्णाजी पाटलांची. 'नटरंग'च्या ज्या लावण्यांवर आपल्याकडं प्रत्येक गॅदरिंगला पोरी नाचल्या, त्यातला आवाज बेला शेंडेचा. 'जोगवा'च्या एका गाण्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यातलं एकही नाव माझ्या फोल्डरवर नव्हतं. चौसष्ट गाणी आणि एकच नाव.

आता ही नावं मी कुठून काढली? फार अवघड नाही. तुम्ही ज्या अ‍ॅपवर गाणी ऐकता ना, तिथं गाण्याशेजारी तीन टिंबं असतात. ती दाबा. कित्येक अ‍ॅपमध्ये तिथं 'क्रेडिट्स' दिसतं. कोण गायलं, कुणी लिहिलं, कुणी बसवलं. यूट्यूबवर व्हिडिओच्या खाली 'मोअर' दाबलं की नावं असतात, कधीकधी तर ढोलकी, बासरी, व्हायोलिन, सगळ्यांची. आपण तिथपर्यंत जातच नाही. मीही जात नव्हतो. प्लेलिस्टचं नाव 'बेस्ट ऑफ अमुक', गाणं सुरू, फोन खिशात.

एक शंका मलाच येते, ती सांगून टाकतो. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्याला ढोलकीवाल्याचं नाव कशाला पाहिजे? नकोच. नाचणाऱ्यानं नाचावं. पण जो यादी करतो, अल्बम काढतो, प्लेलिस्ट बनवतो, चॅनेल चालवतो, त्याला नाव पाहिजे. आणि आता आपण सगळेच यादी करणारे आहोत. प्रत्येकाच्या फोनमध्ये आपापला तीन नंबरचा फोल्डर आहे.

शेवटचं सांगतो. गेल्या रविवारी मामाकडं गेलो होतो. आता बँड जवळजवळ बंदच आहे, डीजेनं काम नेलं. मामा शेतात जातो, जत्रेत बोलावलं तर वाजवतो. मी ती माळेगावची सीडी मागितली. मामीनं ट्रंकेतून काढली, पातळात गुंडाळलेली होती. चरे पडलेत, पण कंप्युटरनं घेतली. त्या आठ गाण्यांच्या फाईली काढल्या. तिसरं गाणं लावलं. थप थप. मामी म्हणाली, "हेच की ते, पेपर जाळलेलं!" म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

मी फाईलच्या कलाकाराच्या रकान्यात गायकाचं नाव टाकलं, आणि पुढं टाईप केलं, 'हलगी : मामा'. मामानं स्क्रीनकडं बघितलं. म्हणाला, "मामा कुणाचा? तुझा. लोकास्नी काय कळणार? पुरं नाव लिही. बापाचं बी. आन् गावाचं."

लिहिलं. आठही गाण्यांवर लिहिलं. मामा एकेक वाचत होता, मराठीत होतं म्हणून. तिसऱ्यावर आल्यावर म्हणाला, "यावर नगं लिहू. यात हलगी उतरलीय."

मी म्हणालो, "मामा, यावरच तर पाहिजे."

तो काही बोलला नाही. पण पुसायलाही लावलं नाही.

तर मंडळी, तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावात कुणीतरी असेल, ज्यानं कधीतरी एखाद्या कॅसेटीत, सीडीत, सिनेमात वाजवलंय किंवा कोरसमध्ये गायलंय. त्यांना भेटा, गाणं कुठलं ते विचारा, आणि त्यांना चालत असेल तर व्हॉइस मेसेज करून मला पाठवा. पुढच्या भागात आपण त्याच गाण्यांची यादी करू. नावासकट, बापाच्या नावासकट, गावासकट.

चला, येतो. मुखेडहून राम राम.